आमच्या कॉलेजचा अमर सर्व्हर

कॉलेजात दुसरं काही टिको न टिको, किस्से टिकतात. पोरं तीन वर्षांत निघून जातात, प्राचार्य बदलतात, पंखे जळतात, नळ गळतात. किस्से मात्र स्टाफरूममध्ये पाय पसरून बसलेले असतात आणि दर वर्षी त्यांत भर पडते. मी फिजिक्स शिकवते. माझी लॅब आणि सर्व्हर रूम यांच्यामध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन आहे, त्यामुळे मला स्टाफरूमपर्यंत जायचीही गरज पडत नाही. पलीकडे कोणी शिंकलं तरी इकडे कळतं.

आज सांगते ते सगळे किस्से एकाच मशीनचे आहेत. तुम्ही खुशाल हसा. मीही हसते. पण मला रागही येतो, आणि तो झाकून सांगायचा माझा काही विचार नाही.

दोन माणसांची ओळख आधी करून देते. एक जिरापुरे सर, कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. दारव्ह्याचे, घरी सोयाबीन-तुरीची शेती, आवाज असा की वर्गात शिकवतात ते ग्राउंडवरच्या पोरांचंही शिकून होतं. दुसरे गुल्हाने सर, उमरखेडचे, वयाने बरेच लहान. काही वर्षं पुण्यात नोकरी करून परत आले, पण अंगातलं पुणं अजून उतरलेलं नाही. हे दोघं त्या सर्व्हर रूममध्येच बसतात आणि त्यांचं एका गोष्टीवरून जन्माचं वैर आहे. ती गोष्ट म्हणजे रेड.

रेड म्हणजे काय ते मला यांच्या भांडणातूनच कळलं. चार डिस्का एकत्र बांधायच्या. एखादी मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचा हिशोब सांभाळतात आणि माहिती जात नाही. हे सांभाळायचं काम एका वेगळ्या कार्डाकडे दिलं की ते हार्डवेअर रेड, आणि कॉम्प्युटरमधल्याच प्रोग्रामकडे दिलं की सॉफ्टवेअर रेड. बास, एवढंच. एवढ्यावर दोन शहाणी माणसं एकमेकांच्या लेकराच्या बारशाला जात नाहीत.

\*\*\*

नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मला कशाला बोलावलं होतं कोणास ठाऊक, बहुतेक दोघांच्या मध्ये बसायला.

"हातात धरता येते त्या गोष्टीवर मी भरवसा ठेवतो," जिरापुरे सर म्हणाले. "सॉफ्टवेअर कोणी पाह्यलं? विंडोज लटकली का तुमची रेडबी लटकली."

"सर, तुमचं कार्ड जळलं तं चारही डिस्का धडधाकट असून काही कामाच्या नाही," गुल्हाने सर म्हणाले. "दुसरं तसंच कार्ड लागते. ते कोठून आणान, ढाणकीच्या बाजारातून?"

"कार्ड जळत नसते."

"सॉफ्टवेअर तं जळूच शकत नाही."

असं बराच वेळ चाललं. प्राचार्यांचा चहा आला, पिऊन झाला, कप गेला. शेवटी ऑफिसच्या मोठ्या बाबूंनी मान वर केली. आमच्याकडे कॉलेजच्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने डेड स्टॉकचा नंबर टाकावा लागतो. खुर्ची, घमेलं, नकाशा, सगळ्यावर. ऑडिटवाले येऊन नंबर पाहतात, वस्तू चालते की नाही ते पाहत नाहीत.

"ते सगळं ठीक आहे," बाबू म्हणाले, "पण सॉफ्टवेअरवर नंबर कुठं टाकाचा?"

तिथेच हार्डवेअर रेड मंजूर झाली. सर्व्हर आला त्याच दिवशी जिरापुरे सरांनी कार्ड बाहेर काढून त्यावरही नंबर टाकून घेतला.

\*\*\*

आता आत्राम मॅडमबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय या मशीनमध्ये जपण्यासारखं काही नव्हतं. बाकी काय, परीक्षेचे टाइमटेबल आणि गॅदरिंगचे फोटो.

आत्राम मॅडम मराठी शिकवतात. स्वतः कोलाम समाजातल्या. सुटीच्या दिवशी घाटंजीकडच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर जायच्या आणि म्हाताऱ्या बायांची कोलामी गाणी रेकॉर्ड करून आणायच्या. त्यात भीमाबाई म्हणून एक होती. लग्नातली सगळी गाणी, हळदीपासून पोरगी घरातून निघेपर्यंतची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत येणारी तिच्या पोडावर ती एकटीच उरली होती. बाकीच्यांना तुकडे तुकडे यायचे.

मॅडम सर्व्हरवर गाणी चढवायच्या तेव्हा पार्टिशनमधून मला ऐकू यायची. मला कोलामी येत नाही. पण भीमाबाईचा आवाज मी शंभर जणींत ओळखला असता. जाडा, जरा घोगरा, आणि कसली घाई नसलेला. एका गाण्यात ती मधेच थांबून कोंबडी हाकलते, मग हसते, आणि जिथे सोडलं तिथूनच पुढे धरते. मी प्रॅक्टिकल घेता घेता पोरांना गप्प बसवून ते ऐकलेलं आहे.

मॅडमच्या रेकॉर्डरचं कार्ड लहान होतं. गाणी सर्व्हरवर टाकायची, कार्ड रिकामं करायचं, पुढच्या पोडावर जायचं, असं चालायचं. एकदा त्यांनी दोघा सरांच्या खोलीत जाऊन विचारलं, "सर, याची एक कॉपी मी माझ्याजवळ पेनड्राइव्हवर ठेवू का?"

जिरापुरे सरांनी व्हायरसच्या भीतीने कॉलेजात पेनड्राइव्हवर बंदी घातलेली होती. ते म्हणाले, "गरज नाही मॅडम. रेड आहे."

मॅडमनी आशेने गुल्हाने सरांकडे पाहिलं. गुल्हाने सर म्हणाले, "गरज नाही. हार्डवेअरची असली तरी रेड आहे."

इतक्या वर्षांत हे दोघं पहिल्यांदा एका गोष्टीवर सहमत झाले, आणि तीच गोष्ट नेमकी चुकीची होती. डिस्क मेली तर रेड वाचवते हो. पण माणसाने चूक केली, पाणी पडलं, चोर आला, मशीनच बसलं, तर रेड काय करणार? दुसरीकडे ठेवलेली कॉपी ती दुसरीकडे ठेवलेली कॉपी. हे मी फिजिक्सवाली बाई सांगते आहे, यांच्या तर पगाराचं काम होतं ते.

\*\*\*

उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. सर्व्हर रूमसाठी एसी मंजूर झाला आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसला. मंजुरीच्या कागदावर 'महत्त्वाच्या ठिकाणी' असं लिहिलं होतं म्हणे. सर्व्हरच्या वाट्याला केबिनमधला जुना कूलर आला. वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आणि भरपूर पाणी उडवणारा तो पंखा. जिरापुरे सरांनी कूलरचं तोंड बरोबर सर्व्हरकडे करून ठेवलं.

"सर, ओल धरन ना," गुल्हाने सर म्हणाले.

"वाळ्याचा वास किती छान येते पाहा," जिरापुरे सर म्हणाले.

त्या कार्डावर एक लहानशी बॅटरी असते. वीज गेली तर डिस्कवर लिहायचं राहिलेलं ती काही वेळ धरून ठेवते. आमच्याकडे लाइन जातच असते, तेव्हा त्या कार्डातली हीच एक वस्तू आमच्या खऱ्या कामाची. मे महिन्यात कधीतरी पार्टिशनच्या पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग दोघांचं बोलणं.

"सर, बॅटरी फुगली हो. पुरीसारखी टम्म झाली."

"फुगली म्हणजे भरली. चांगलंच आहे. चार्ज फुल आहे."

मला वाटलं आता गुल्हाने सर तरी काही बोलतील. तर ते म्हणाले, "बरं. तुमचं कार्ड, तुमची बॅटरी." झाकण बंद झालं. हा माणूस पुण्यात काय शिकून आला होता देव जाणे.

\*\*\*

पावसाळ्यात भीमाबाई वारली. मॅडम पोडावर जाऊन आल्या. दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता म्हणाल्या, "आवाज तरी राह्यला तिचा. सर्व्हरवर आहे म्हणून मले धीर आहे."

जिरापुरे सर पलीकडच्या टेबलावर होते. त्यांनी तिथूनच मोठ्याने सांगितलं, "मॅडम, माणूस मरते. हे नाही मरत."

माझ्या हातातली चपाती हातातच राहिली. ज्या बाईला घरचं माणूस गेल्यासारखं झालंय, तिला हा माणूस आपल्या मशीनची जाहिरात ऐकवत होता. मॅडम मात्र "हो सर" म्हणाल्या आणि जेवल्या. त्यांना ते खरं वाटलं होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

\*\*\*

त्याच सुमारास कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार होती. कमिटी येणार म्हटलं की आमच्याकडे झाडांनाही चुना लागतो. आणि नेमका कमिटीच्या आदल्या आठवड्यात सर्व्हर टीं टीं टीं करायला लागला.

ते कार्ड हुशार असतं. एखादी डिस्क मेली की ओरडून सांगतं. चारातली एक गेली होती, तिच्यावर लाल दिवाही लागला होता. कार्ड आपलं काम इमानाने करत होतं. माझ्या लॅबमध्ये दिवसभर टीं टीं. पोरं लंबकाची आंदोलनं मोजता मोजता त्या तालावर माना हलवायला लागली.

मी जाऊन सांगितलं, "सर, ते काय वाजतंय ते पाहा ना."

"चालू आहे म्हणून वाजते," जिरापुरे सर म्हणाले. "बंद असतं तं वाजलं असतं का?"

तरी कमिटीसमोर टीं टीं बरं दिसणार नाही, एवढं त्यांना पटलं. आपला जिल्हा कापसाचा. जिनिंगवाल्याचा पोरगा बी.कॉम.ला होता, त्याच्याकडून मूठभर सरकी काढलेला कापूस आला. सरांनी स्वतः त्याचा बोळा वळून आवाजाच्या भोकात बसवला. मग टीं टीं कानात कापूस घातलेल्या माणसाला ऐकू यावी तेवढीच यायची.

कमिटीचे एक सदस्य खोलीत आले, त्यांनी तो पांढरा बोळा पाहिला आणि विचारलं, "हे काय?"

"डस्ट फिल्टर," जिरापुरे सर म्हणाले.

सदस्यांनी लिहून घेतलं. आणि विश्वास ठेवा, पुढे अहवालात 'धूळप्रतिबंधक व्यवस्था समाधानकारक' असं आलं.

कमिटी गेल्यावर मी गुल्हाने सरांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "तुम्हाला तरी ते काय वाजतंय ते माहीत आहे ना?"

"आहे ना. डिस्क गेली. आता अजून एक गेली का संपलं."

"मग सांगत का नाही?"

"मी काहून सांगू मॅडम? मी सॉफ्टवेअर घ्या म्हणून राह्यलो होतो तवा ऐकलं कोणी? पडू द्या एकदाचं. मंग समजन त्याइले."

"अहो, आत्राम मॅडमची गाणी आहेत त्यात."

ते म्हणाले, "मॅडमची गाणी मी काढून देईन ना. सॉफ्टवेअरने." आणि शीळ घालत निघून गेले. मी त्या दिवशी जिरापुरे सरांना पुन्हा जाऊन डिस्क गेल्याचं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाले गुल्हानेनं पाठवलं ना?"

\*\*\*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रपूजा असते. मी लॅबमधल्या तराजूला, व्हर्निअरला हळदकुंकू लावते, कॉलेजच्या गाडीला झेंडूचा हार पडतो, झेरॉक्स मशीनसमोर नारळ फुटतो. याला माझी ना नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस कुंकू लावलं तर काय बिघडलं? बाहेरून लावा म्हणजे झालं.

पण जिरापुरे सरांना बाहेरून चालेना. सगळा स्टाफ जमला होता, ताटात आपट्याची पानं होती, उदबत्ती लागली होती. सर म्हणाले, "खोक्याची काय पूजा करता? काम तं आतल्या डिस्का करतात." आणि त्यांना आणखी एक सुचलं. "हिची खासियत दाखवतो तुम्हाले. चालू मशीनमधून डिस्क काढता येते. सॉफ्टवेअरवाल्याइले सांगा असं करून दाखवा म्हणा."

त्यांनी पहिली डिस्क खटकन ओढली, पाटावर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी, मग चौथी. चारही पाटावर ओळीने. खरं म्हणजे चालू मशीनमधून एक काढता येते, तीसुद्धा बाकीच्या तिन्ही धड असतील तर. इथे एक आधीच मेलेली.

मी पुढे होऊन म्हटलं, "सर, एकेक करून काढायची असते ना?"

"मॅडम, पूजा एकेकाची नसते. सगळ्या देवांची संगच असते."

लोक हसले. मोठ्या बाबूंनी पळीने पाणी शिंपडलं. प्रत्येक डिस्कला हळद, कुंकू, अक्षता. गुल्हाने सरही होते. त्यांनीही कुंकू लावलं, आणि मला आठवतं, दोन पेढे खाल्ले. आरती झाल्यावर डिस्का पुन्हा आत गेल्या. कोणती कुठे होती ते कोणाला ठाऊक? ओल्या कुंकवासकट ढकलून दिल्या.

सर्व्हर काही क्षण गप्प बसला. मग बोळ्यामागून ती टीं टीं सुरू झाली, पण आता मधे थांबायची नाही, सलग. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की एकही रेड सापडत नाही.

आत्राम मॅडमच्या हातात प्रसाद होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, गाणी?"

"आज सण आहे मॅडम," जिरापुरे सर म्हणाले. "सुट्ट्या झाल्या का होऊन जाईन."

\*\*\*

सुट्ट्या झाल्या, आणि आता गुल्हाने सरांची पाळी आली. गडी नुसता खुलला होता. नवा शर्ट घालून आला. चारही डिस्का काढल्या, कुंकू पुसलं, आपल्या लॅपटॉपला जोडल्या आणि दार उघडं ठेवलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं.

"मॅडम, पाहा तुम्ही. मेलेली सोडून उरलेल्या तिघींवरून सॉफ्टवेअर सगळं परत बांधते. कार्डाची काही गरज नाही."

आत्राम मॅडमनी विचारलं, "आधी या डिस्का आहेत तशा कुठं उतरवून ठेवता येतात का? म्हणजे काही बिघडलं तर?"

"कायले? सॉफ्टवेअर आहे ना."

डिस्का आहेत तशा आधी उतरवायच्या आणि मग त्या उतरवलेल्यावर खटपट करायची, हे तर नुसत्या अकलेचं काम आहे. पण अक्कल वापरली असती तर वेळ लागला असता, आणि गुल्हाने सरांना जिरापुरे सरांच्या डोळ्यांदेखत जिंकायचं होतं. त्यांनी सरळ मूळ डिस्कांवरच दुरुस्ती चालू केली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या. मी तास सोडून दारात उभी राहिले. जिरापुरे सर खिडकीपाशी, पाठ करून.

पट्टी अर्ध्यावर गेली. एक फोल्डर दिसलं. त्यावर भीमाबाईचं नाव होतं. मॅडमनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

आणि लॅपटॉपचा पडदा निळा झाला. अपडेट सुरू झाल्याचं त्याने सांगितलं, मशीन बंद करू नका म्हणाला, आणि स्वतःच बंद झाला.

गुल्हाने सरांनी सगळी बटणं दाबून पाहिली. लॅपटॉप आपल्या सवडीने परत चालू झाला तेव्हा त्या फोल्डरच्या जागी काही नव्हतं, आणि डिस्का आधीपेक्षा जास्त गोंधळलेल्या होत्या.

जिरापुरे सर वळले. मी देवाशपथ सांगते, तो माणूस हसत होता. "काय म्हणत होतो मी? सॉफ्टवेअरचा काही भरवसा नाही."

आत्राम मॅडम उठल्या. "सर, मले हार्डवेअर सांगू नका न सॉफ्टवेअर सांगू नका. भीमाबाई कुठं आहे ते सांगा."

मी मॅडमना लॅबमध्ये आणून पाणी दिलं.

\*\*\*

मग चौकशी समिती नेमली गेली. सदस्य कोण? कॉम्प्युटरमधलं कळणारे दोघंच, म्हणून जिरापुरे सर आणि गुल्हाने सर. अध्यक्ष प्राचार्य. निष्कर्ष असा निघाला की उपकरण विश्वासार्ह होतं आणि दुरुस्तीची पद्धतही विश्वासार्ह होती; बिघाडाचं कारण तेवढं सापडायचं राहिलं.

मॅडमनी स्वतः फोनाफोनी करून पुण्याची एक लॅब शोधली. तिथले लोक म्हणाले, डिस्का पाठवा, खात्री नाही पण काही निघू शकेल, आणि आता त्यांना कोणी हात लावू नका. मॅडम ऑफिसात गेल्या. मोठ्या बाबूंनी डिस्कांवरचे पांढरे नंबर दाखवले.

"डेड स्टॉकची वस्तू आहे. चौकशी संपल्याशिवाय गेटच्या बाहेर जात नाही."

"चौकशी कधी संपते?"

"बिघाडाचं कारण समजलं का."

"कारण कोण सांगणार?"

"ते लॅबच सांगू शकते मॅडम."

मॅडमनी प्राचार्यांना अर्ज दिला, संस्थेला अर्ज दिला, मी दोन्हींवर सही केली. उत्तर आलं नाही. डिस्का सर्व्हर रूममधल्या लोखंडी कपाटात गेल्या, कपाटाला दोन कुलपं लागली, एकेकाची किल्ली एकेका सरांकडे गेली. दोघांना एकमेकांवर विश्वास नाही, म्हणून.

\*\*\*

आणि आता हा शेवटचा. परवाचाच आहे.

दुपारी माझा तास चालू होता. पार्टिशनच्या पलीकडे एक नवा आवाज आला, हळू बोलणारा. "आत्राम मॅडम इथंच असते का? मी लक्ष्मण. भीमाबाईचा पोरगा."

मी तास सोडला. पोरांना काय, आनंदच झाला.

पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, दोन जिपा बदलून आलेला माणूस. दारातच चप्पल काढून उभा होता. मॅडम वर्गावर होत्या, त्यांना निरोप पाठवला. जिरापुरे सरांनी त्याला बसायला खुर्ची दिली, तर तो बसला नाही.

"पोरीचं लगन हाय," तो म्हणाला. "मायची गाणी लागते. आता बायाइले सुरुवात येते तं शेवट येत नाही, शेवट येते तं मधलं येत नाही. मॅडमनं सांगतलं होतं का मायचा आवाज कॉलेजात ठेवला. या मोबाइलमध्ये टाकून देता का?" आणि त्याने पोरीचा मोबाइल पुढे केला. मागे गुलाबी कव्हर होतं.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? मान खाली घालेल. तर जिरापुरे सरांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे भाऊ. चार डिस्का असतात. त्याइले सांभाळाले एक कार्ड असते."

"कार्डाचंच चुकलं," गुल्हाने सर म्हणाले. "सॉफ्टवेअरवर असतं तं ही पाळी आली नसती."

"यानंच अर्धवट केलं. कार्डावर राहू दिलं असतं तं आज निघालं असतं."

"कार्डावर बॅटरी फुगली होती सर."

"अपडेट कोणाच्या लॅपटॉपले आलं होतं?"

लक्ष्मणभाऊ एकदा यांच्याकडे पाहायचा, एकदा त्यांच्याकडे. पोडावरच्या पंचायतीत बसावं तसा सगळं नीट ऐकून घेत होता. मला लाजेने तिथे उभं राहवेना. आत्राम मॅडम पळत आल्या आणि दारातच थांबल्या. त्याने त्यांना हात जोडले.

मग त्याने सरांना विचारलं, "म्हणजे तुमच्यापाशी मायचा आवाज नाही?"

"आहे ना," जिरापुरे सर म्हणाले. "त्या कपाटात आहे."

"आहे," गुल्हाने सर म्हणाले. "फक्त निघून नाही राह्यला."

लक्ष्मणभाऊने कपाटाकडे पाहिलं. मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवला.

"हाय ना पण?"

"आहे, आहे," दोघंही एकदम म्हणाले.

"मंग थांबतो," लक्ष्मणभाऊ म्हणाला, आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला.